झिरो बघून घ्या

पेट्रोल पंपावर गाडी लावली, टाकीचं झाकण उघडलं की पाईप हातात घेतलेला पोरगा सवयीनं म्हणतो, "झिरो बघून घ्या." आपणही सवयीनं मान हलवतो. बऱ्याचदा न बघताच. मोबाइलमध्ये स्कॅनर उघडायची घाई असते, मागचा हॉर्न वाजवत असतो, पुढं वसमत गाठायचं असतं.

या तीन शब्दांमागं शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. गिऱ्हाइकाला विकत घेतलेला माल दिसत नाही आणि विकणाऱ्याला तो दिसल्याचं सिद्ध करावं लागतं, अशी ही गोष्ट आहे. किराणा दुकानात साखर तराजूत दिसते. दूध मापात दिसतं. पेट्रोल मात्र जमिनीखालच्या टाकीतून पाईपमधून थेट आपल्या टाकीत जातं. आपल्याला दिसतात ते फक्त आकडे. म्हणून पंपाचा इतिहास हा खरं तर विश्वासाचा इतिहास आहे: गिऱ्हाइकाला काय दिसत होतं, काय दिसेनासं झालं आणि त्याची किंमत कुणी मोजली.

हा इतिहास बघायला शिरड शहापूर ही चांगली जागा आहे. औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. मल्लिनाथ भगवानांच्या जैन मंदिरामुळं दुरून भाविक येतात. औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्यानं जातात. हळद भरलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो वसमतच्या बाजाराकडे जातात. म्हणजे पंपावर एकाच वेळी शेतकरी, यात्रेकरू, कॉलेजची पोरं आणि ट्रॅक्टरवाले उभे असतात. आणि हा सगळा भाग तेलाच्या नकाशावर अगदी टोकाला येतो.

डब्यातलं तेल

आधी पेट्रोल नव्हतं, रॉकेल होतं. मराठीतले दोन्ही शब्द त्या काळाची खूण आहेत. 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'वरून आलं, 'घासलेट' हे 'गॅसलाइट'वरून. कंदील आणि चिमण्यांसाठी लागणारं हे तेल चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव जायचं. तेल संपलं तरी डबा संपायचा नाही. पाणी भरायला, धान्य ठेवायला, छपराला पत्रा म्हणून तो वर्षानुवर्षं वापरात राहायचा.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. चलन वेगळं, हाली शिक्का. बाहेरून येणाऱ्या मालावर संस्थानाचा वेगळा कर, त्याला करोडगिरी म्हणत. आणि रेल्वेही वेगळ्या मापाची. मुंबईहून येणारी मोठी लाईन मनमाडवरून उत्तरेकडे निघून जायची. तिथून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेडकडे जाणारी लाईन १९०० च्या सुमारास झाली, पण ती मीटरगेज होती. दोन्ही लाईनींचे डबे एकमेकींवर चालत नाहीत. त्यामुळं मुंबईचा माल मनमाडला उतरवायचा, पुन्हा भरायचा आणि मग मराठवाड्यात आणायचा. ही लाईन रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

मनमाड हे नाव लक्षात ठेवा. ते पुढं पुन्हा येणार आहे.

१९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेनं २७ बस घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. हिंदुस्थानात सरकारी बससेवेचे जे अगदी पहिले प्रयोग झाले त्यातला हा एक. आता इंधन दिव्यासाठीच नाही, चाकासाठीही लागणार होतं.

काचेची बरणी

पंप नावाच्या यंत्राचा जन्म मोटारीसाठी झालाच नाही. १८८५ साली अमेरिकेतल्या फोर्ट वेन शहरात सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसानं एका किराणा दुकानदारासाठी रॉकेल मोजून काढायचं यंत्र बनवलं. पिंपातून रॉकेल काढताना ते सांडायचं आणि शेजारच्या लोण्याला वास लागायचा, ही दुकानदाराची अडचण होती. पुढं मोटारी आल्या आणि तेच यंत्र पेट्रोलसाठी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं.

पण लगेच भांडणं सुरू झाली. दांडा हलवला की पेट्रोल गेलं, हे ठीक. किती गेलं हे कुणी सांगावं? त्यावर १९२० च्या दशकात जगभर एक साधा उपाय वापरात आला. पंपाच्या डोक्यावर काचेची मोठी बरणी आणि त्यावर मापाच्या रेघा. आधी हातानं पेट्रोल वर चढवायचं, गिऱ्हाइकानं रेघ बघायची, मग ते नळीतून गाडीत सोडायचं. माल स्वच्छ आहे का हेही दिसायचं आणि किती आहे हेही.

नंतर फिरत्या आकड्यांचे मीटर आले. ते जलद होते, अचूकही होते. पण त्यांनी एक गोष्ट काढून घेतली. गिऱ्हाईक आता पेट्रोल बघत नव्हतं, आकडा बघत होतं. 'झिरो बघा' या वाक्याची गरज इथून सुरू होते. आधीच्या माणसाचा आकडा पुसला गेला आहे, तुमचा हिशेब शून्यापासून सुरू होतोय, एवढीच ती खात्री.

आपल्याकडे हा धंदा तेव्हा परदेशी कंपन्यांच्या हातात होता. बर्मा शेल, स्टॅनव्हॅक म्हणजे पुढची एस्सो, आणि कॅल्टेक्स. मुंबईत एस्सोची रिफायनरी १९५४ मध्ये आणि बर्मा शेलची १९५५ मध्ये सुरू झाली. १९७४ मध्ये एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारनं घेतली आणि पुढं तिची भारत पेट्रोलियम झाली. १९७८ मध्ये कॅल्टेक्स हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच होती. म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास आता कंपनीच्या पाटीवर नाही, सरकारवर होता.

पंप कुणाला मिळाला

सरकारी झाल्यावर पंप म्हणजे बक्षीसही झालं. १९७१ च्या युद्धानंतर शहीद जवानांच्या पत्नींना आणि जखमी सैनिकांना पंप आणि गॅस एजन्सी द्यायचं धोरण आलं. ते योग्यच होतं. पुढं मात्र ही यादी मंत्र्यांच्या मर्जीपर्यंत पोचली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तत्कालीन पेट्रोलियम मंत्री सतीश शर्मा यांनी स्वतःच्या अधिकारात दिलेले १५ पंप रद्द केले. २००२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा वाटपात राजकारण्यांच्या नातेवाइकांची नावं निघाली आणि वाजपेयी सरकारनं जानेवारी २००० पासूनची सगळीच वाटपं रद्द केली. न्यायालयानं त्या सरसकट निर्णयाला नकार दिला आणि वादातली प्रकरणं तपासायला समिती नेमली.

"त्याचा पंप आहे" या वाक्यात आजही जो वजनदार सूर लागतो तो या काळातला. पंप म्हणजे पैसा आणि ओळख, दोन्ही.

लहान गावांना याचा फटका वेगळा बसला. पंप तालुक्याच्या जागी किंवा मोठ्या रस्त्यावर, आणि गावात पेट्रोल किराणा दुकानातून, लिटरच्या बाटलीत. बाटलीत पेट्रोल डोळ्याला दिसतं, पण त्यात काय मिसळलंय हे दिसत नाही, आणि भाव दुकानदार सांगेल तो. २००५ नंतर कंपन्यांनी खेड्यांसाठी छोटे, कमी खर्चाचे पंप उघडायला सुरुवात केली. इंडियन ऑइलचं किसान सेवा केंद्र हे त्यातलं ओळखीचं नाव. मोटारसायकल घरोघर पोचली आणि पंप गावाच्या जवळ सरकला, हे दोन्ही साधारण एकाच काळात घडलं.

निळं रॉकेल

मापाचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतो. जे येतंय ते पेट्रोलच आहे का?

रेशनचं रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेलं होतं. डिझेलचा भाव त्याच्या कितीतरी वर. हा फरक हीच भेसळीची जमीन होती. ओळखू यावं म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला, पण रंगावर मात करणारे निघालेच.

१९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांची गोळ्या घालून हत्या झाली. वय २७. भेसळीबद्दल त्यांनी एका पंपावर कारवाई केली होती.

आणि २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळच्या पानेवाडीच्या रस्त्यानं जात होते. एका ढाब्याजवळ थांबलेल्या टँकरमधून तेलचोरी चालल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी थांबून ते टिपायला सुरुवात केली. तिथंच त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी त्यानंतर काम बंद ठेवून निषेध केला.

पानेवाडी हे गाव शिरड शहापूरच्या गिऱ्हाइकासाठी परकं नाही. मुंबईच्या रिफायनरीतून येणाऱ्या पाईपलाईनचं तेल तिथं साठतं. मराठवाड्याच्या मोठ्या भागाचे टँकर तिथूनच भरून निघतात. आपल्या गाडीत पडणारं तेल ज्या रस्त्यानं येतं, त्याच रस्त्यावर एक अधिकारी फक्त बघितलं म्हणून मारला गेला. 'बघून घ्या' हे म्हणणं किती सोपं आहे आणि बघणं किती महाग पडू शकतं, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या दहा वर्षांत रॉकेलवरचं अनुदान हळूहळू कमी होत २०२० च्या सुमारास संपलं. गॅस घरोघर पोचला. रॉकेलची भेसळ कमी व्हायचं मोठं कारण हेच, की त्यातला नफाच आटला.

आकड्याच्या आतली चिप

फिरते आकडे जाऊन लाल-हिरवे डिजिटल आकडे आले. त्यांच्या आत 'पल्सर' नावाचा लहान भाग असतो. तेल जाताना मीटर फिरतो, पल्सर प्रत्येक फेरीचे ठोके मोजतो आणि पडद्यावर लिटर आणि रुपये उमटतात. ठोके वाढवले की तेल कमी जाऊनही आकडा पूर्ण दिसतो.

एप्रिल २०१७ मध्ये लखनौत पोलिसांनी पंपांवर छापे घातले तेव्हा अशा चिपा सापडल्या. त्यानंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत पंप तपासले आणि इथंही पल्सरमधले फेरफार उघड झाले. इथं झिरो बघून काही उपयोग नव्हता. झिरो खराच होता. चोरी झिरोनंतर सुरू होत होती.

अशा बातम्यांनंतर लोक आपापले उपाय शोधतात. शंभरऐवजी एकशे दहाचं टाका म्हणणारे तुमच्याही ओळखीचे असतील. पण पल्सर रक्कम ओळखत नाही, तो ठोके मोजतो. बिघडवलेला असेल तर शंभरलाही फसवेल आणि एकशे दहालाही. सकाळी थंड वेळी भरलं की जास्त पेट्रोल मिळतं, हाही तसाच समज. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

या समजुतींवर हसायचं कारण नाही. माणसाला दिसत नाही तेव्हा तो तोडगे काढतो. खरा उपाय मात्र प्रत्येक पंपावर आधीच ठेवलेला असतो. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप. शंका आली तर त्यात भरून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार होते. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून बघायचाही हक्क आहे. चांगलं पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. त्या दिवशीची घनता फलकावर किंवा यंत्रावर लिहिलेली असते. हवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी हे फुकट द्यायचंच आहे. औंढ्याला निघालेल्या बायकांना या रस्त्यावर स्वच्छतागृहाची सोय पंपाशिवाय सहज सापडत नाही. तिथं कुलूप असेल तर ती गैरसोय नाही, नियमाचा भंग आहे.

शंभरचं टाक

आपण पेट्रोल लिटरमध्ये घेत नाही, रुपयांत घेतो. "शंभरचं टाक, भाऊ." या सवयीत एक मोठी गोष्ट लपते.

पूर्वी दर दिल्लीत ठरायचे. 'आज रात्री बारापासून भाव वाढणार' अशी बातमी आली की संध्याकाळीच पंपावर रांग लागायची. लोक चिडायचे, सरकारला बोलायचे, मोर्चे निघायचे. १ एप्रिल २००२ ला सरकारी दरनियंत्रण कागदावर संपलं. पेट्रोल खऱ्या अर्थानं मोकळं झालं जून २०१० मध्ये, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू व्हायला लागला. भाव मग पैशांत वाढायला लागला. वीस पैसे, पस्तीस पैसे. त्यासाठी कोण रांग लावणार? वाढ तीच, पण दिसेनाशी झाली.

२००२ च्या सुमारास शंभर रुपयांत तीन लिटरच्या आसपास पेट्रोल यायचं. मे २०२१ मध्ये परभणीत शंभर रुपयांत एक लिटरही येईना. गिऱ्हाईक तेच म्हणत होतं, शंभरचं टाक. फक्त काटा वर चढत नव्हता.

परभणीचं नाव इथं मुद्दाम घेतलं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतूनच वेगळा झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये पेट्रोलनं नव्वदी ओलांडली तेव्हा पहिल्या शहरांत परभणी होती. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हाही राज्यात परभणी पुढं होती. मुंबई त्याच महिन्याच्या शेवटी, २९ मे ला तिथं पोचली. गंमत अशी, की त्या वेळी राज्याचा पेट्रोलवरचा कर मुंबई, ठाणे, नवी मुंबईत २६ टक्के होता आणि इकडे २५ टक्के. कर कमी, तरी भाव जास्त.

कारण साधं आहे. डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं भावात धरलं जातं. मनमाडहून परभणी जवळपास तीनशे किलोमीटर आणि शिरड शहापूर त्याच्याही पुढं. मुंबईतल्या माणसाच्या गावातच रिफायनरी. म्हणजे ज्याचं उत्पन्न कमी, ज्याला एसटी चुकली की मोटारसायकलशिवाय पर्याय नाही, तोच अंतराचाही पैसा भरतो. शंभर वर्षांपूर्वी मनमाडला माल उतरवून पुन्हा भरायचा खर्च रॉकेलच्या डब्यावर चढायचा. आज गेज एक झाली, हाली शिक्का गेला, करोडगिरी गेली. अंतराचा हिशेब मात्र राहिला.

यावर उपाय नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तेल कंपन्यांनी डेपोपासून दूर असलेल्या भागांतला भाव कमी व्हावा म्हणून राज्याअंतर्गत भाड्याची फेरमांडणी जाहीर केली. काही राज्यांतल्या दुर्गम गावांत भाव उतरलेही. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची आचारसंहिता होती, त्यामुळं त्या घोषणेतून महाराष्ट्र बाहेर राहिला. अंतराचा भार सगळ्यांनी थोडा थोडा उचलावा हे तत्त्व मात्र कंपन्यांनी त्या दिवशी मान्य केलं होतं. परभणी-हिंगोलीच्या माणसानं धरून ठेवावं असं ते तत्त्व आहे.

टोकाला असण्याचा अर्थ

पंपाचं महत्त्व कळतं ते तो अडतो तेव्हा. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि त्या चालणाऱ्या मोजक्या ठिकाणांत पंप होते. तेव्हा लोक टाकी भरायला नाही, नोट मोडायला यायचे. सुट्टे पैसे मिळणार नाहीत, पाचशेचं पूर्ण भरा, असं पंपवाल्यानं सांगावं आणि मोटारसायकलवाल्याची टाकी तेवढी मोठी नसावी, हे त्या दिवसांत अनेक ठिकाणी झालं.

१ आणि २ जानेवारी २०२४ ला अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रकचालकांनी चाकं थांबवली. पानेवाडीचे टँकरचालकही थांबले. काही तासांत मराठवाड्यातल्या पंपांवर रांगा लागल्या आणि कित्येक पंपांवर 'पेट्रोल नाही'चे फलक आले. एका डेपोच्या फाटकावर काय होतं, यावर इतक्या दूरच्या गावांचं दळण, दवाखाना आणि शाळा अवलंबून आहे, हे दोन दिवसांत दिसलं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्यातलं काही उसातून येतं, आणि वसमतचा भाग उसाचाही आहे. मायलेज कमी होतंय का, जुन्या गाडीचं काय, हे प्रश्न लोक पंपावरच्या पोराला विचारतात. त्याच्याकडे उत्तर नसतं. भावाचं, मापाचं, भेसळीचं आणि आता मिश्रणाचं, सगळ्या निर्णयांचं तोंड म्हणून बारा तास उन्हात तोच उभा असतो. राग त्याच्यावर निघतो, कारण समोर दिसणारा माणूस तेवढा एकच आहे.

शिरड शहापूरच्या रस्त्यावर असो की आणखी कुठं, पुढच्या वेळी तो "झिरो बघून घ्या" म्हणाला तर खरंच बघा. मग एक पायरी पुढं जा. घनतेचा फलक कुठं आहे ते बघा. पाच लिटरचं माप कुठं ठेवलंय ते विचारा, आणि शंका असेल तर त्यात भरून मागा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. ते माप बहुतेक पंपांवर नव्यासारखं कोरं असतं, कारण ते कुणी मागतच नाही.